पळसफुलांचा शेक : एका नोंदीचा इतिहास

फाल्गुनाच्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडच्या रानात पळस फुलतो. पाने गळालेली असतात आणि उघड्या फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. होळीचा रंग या फुलांपासून करतात, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. त्यांचा दुसरा जुना उपयोग मात्र पुष्कळांना माहीत नसतो. लघवी अडली की फुले पाण्यात उकडून, फडक्यात बांधून ओटीपोटावर त्यांचा शेक देतात. हा घरगुती उपाय ग्रंथांत कसा नोंदला गेला, ते पाहण्यासारखे आहे.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात पळसाचे फूल मूत्रकृच्छ्रावर गुणकारी सांगितले आहे. मूत्रकृच्छ्र म्हणजे लघवी कष्टाने, वेदनेसह होणे. लघवी अडून राहणे याला आयुर्वेदात मूत्राघात हे वेगळे नाव आहे. या दोन तक्रारी जुन्या वैद्यांनी एकमेकींत मिसळल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवू.

१७९५ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात पळसाचे चित्र व वर्णन आले. 'ब्युटिया' हे प्रजातीचे नाव अर्ल ऑफ ब्यूट या वनस्पतिप्रेमी स्कॉटिश मुत्सद्द्यावरून पडले. पुढे मुंबईचे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला (१८९०-९३). त्यात फुलांच्या पोटिसाची नोंद आहे; पण तेथे फुलांना 'मूत्रल', म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणारी, असे म्हटले आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बसू यांचा वनौषधींवरील मोठा ग्रंथ १९१८ मध्ये, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यांनी आधीच्या लेखकांची मते एकत्र केली. असे संकलन फार मोलाचे असते; परंतु त्यात एकदा पडलेला शब्द पुढच्या पुस्तकांतही जातो.

आता शरीराकडे वळू. लघवी मूत्रपिंडात तयार होते आणि मूत्राशयात साठते. मूत्रल औषध मूत्रपिंडाचे काम वाढवते. लघवी अडते तेव्हा मात्र मूत्रपिंड काम करतच असते. अडथळा खाली, मूत्राशयाच्या तोंडाशी किंवा त्यापुढच्या मार्गात असतो. अशा वेळी लघवी आणखी तयार झाली तर त्रास वाढेल. म्हणजे 'मूत्रल' आणि 'अडलेली लघवी मोकळी करणारे' हे दोन निराळे दावे आहेत. उंदरांना फुलांचा अर्क देऊन लघवी मोजली, तर पहिला दावा तपासता येईल. शेकाबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.

शेकाचा प्रश्न आणखी एक आहे. गुण फुलांचा की उष्णतेचा? ओटीपोटाला ऊब मिळाली की ताणलेले स्नायू सैल पडू शकतात. म्हणून एका गटाला फुलांचा आणि दुसऱ्याला तितक्याच गरम साध्या पाण्याचा शेक देऊन तुलना करावी लागेल. वरील ग्रंथांतील नोंद वापराची आहे, तुलनेची नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जेथे संकोचाने दुखणे झाकले जाते, तेथे घरचा उपाय हाच पुष्कळदा एकमेव उपाय ठरतो. तेव्हा मुलांना हेही सांगावे : पोट फुगून लघवी पूर्ण थांबली, तर शेकात वेळ न घालवता दवाखान्यात न्यावे, तेथे नळी घालून मूत्राशय रिकामे करतात. जळजळीबरोबर ताप असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.

वर्गात एक प्रयोग करा. फुलांच्या काढ्याचे दोन भाग करून एकात लिंबाचा रस आणि दुसऱ्यात थोडा धुण्याचा सोडा घाला. रंगांतील फरक मुलांना लगेच दिसेल. मग त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून एकेका झाडपाल्याची माहिती लिहून आणायला सांगा : कोणते झाड, कोणता भाग, कोणत्या तक्रारीवर, पोटात की बाहेरून. तक्रार मात्र सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी. आजी 'लघवी सुटते' म्हणाली, तर वहीत 'मूत्रल' लिहू नये.