काशीला निघालेला नवरदेव

लहानपणी राहून गेलेली सोडमुंज बहुधा लग्नाच्या तोंडावर उरकली जाते. कमरेची मेखला सुटते. मुलगा धोतर नेसतो, वहाणा चढवतो, छत्री-काठी घेऊन ‘चाललो काशीला’ म्हणत उंबऱ्याबाहेर पडतो. चार पावलं जातो न जातो तोच मामा आडवा येतो, ‘भाचेबुवा, मागे फिरा, माझी मुलगी देतो.’ हशा पिकतो आणि स्वारी माघारी येते.

या लुटुपुटूच्या पळण्याचं मूळ समावर्तनात, म्हणजे गुरुगृहाहून परतण्याच्या संस्कारात आहे. गृह्यसूत्रांनी एका वेदाच्या अध्ययनाला १२ वर्षं सांगितली. एवढा काळ ब्रह्मचाऱ्याला जोडे, छत्री, काजळ, फुलांची माळ सगळं वर्ज्य. अध्ययन संपलं की तो न्हाऊन ‘स्नातक’ होई आणि नेमक्या याच वस्तू त्याला मिळत. नवरदेवाच्या हातातली छत्री तिथली.

तेव्हा त्याच्यापुढे खरोखरच दोन वाटा असत. गुरुदक्षिणा देऊन संसाराला लागणारा तो उपकुर्वाण, जन्मभर गुरूपाशी अविवाहित राहणारा तो नैष्ठिक. दुसरी वाटही शास्त्रमान्य, म्हणून घरच्यांची धास्ती खोटी नव्हती. संततीशिवाय पितृऋण फिटत नाही, ही समजूत पक्की होती. पुढे गुरुगृही राहणं संपलं आणि निवडीचं नुसतं नाटक उरलं. काशी त्यात चपखल बसली, कारण ती विद्येचीही आणि विरक्तीचीही.

अडवायला मामाच का? मामाची मुलगी करणं उत्तरेत निषिद्ध, दक्षिणेत रूढ आणि महाराष्ट्रातही अनेक जातींत चालत आलेलं. इरावती कर्व्यांनी १९५३च्या नातेसंबंधांवरील ग्रंथात हा भेद मांडला. तमिळ ब्राह्मणांत ही यात्रा थेट लग्नाच्या दिवशीच निघते आणि वधूपिता जावयाला वळवून आणतो.

जबाबदारी टाळणाऱ्या मुलाला समाजाने असं मिनतवारीने संसारात आणलं. मुलीसाठी मात्र मनुस्मृतीने विवाह हेच उपनयन आणि पतिसेवा हाच गुरुगृहवास ठरवून टाकला. त्यामुळे तिला ना सोडमुंज, ना काशी. मामा जिचं वचन देतो, ती बऱ्याचदा तिथेच मांडवात उभी असते. तिला कुणी विचारत नाही.