हात, यंत्र आणि हातमोजा

आजचा विषय ऐकून काही जण आमच्याकडे जरा नवलानं बघत होते. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला माणूस हातमोज्यावर काय बोलणार? पण विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या अंगणात चालत आला.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरामागची वाळलेली बाभूळ पाडायला एक तरुण आला होता. हातात पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, ज्याला आता सगळेच चेनसॉ म्हणतात. पायात चप्पल, हात उघडे. आम्ही म्हटलं, ''बाबा रे, हातमोजे तरी घाल.'' तो हसला. म्हणाला, ''सर, मोजे घातले की पकड जाते. आन् मागच्या साली आमच्या गावात कुट्टीच्या मशीनमध्ये एकाचा हात गेला, तो मोज्यामुळंच गेला.''

आम्ही गप्प झालो. त्याचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, त्यामागे अनुभव होता. तरीही ते आम्हाला पटत नव्हतं. हे कोडं सोडवायचं तर थोडं मागं जावं लागतं. आज तेच करू.

आपल्याकडे जुनी हत्यारं म्हणजे कुऱ्हाड, करवत, विळा, कोयता. त्यांची एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांना चालवणारा जोर माणसाच्याच दंडातला असतो. हात थांबला की हत्यार थांबतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला धरण्याआधी माणूस तळहातावर थुंकी घेतो, कारण त्याला पकड हवी असते. ऊसतोडीला जाणारी माणसं हाताला चिंधी गुंडाळतात, ती पाचट कापतं म्हणून. म्हणजे हात झाकणं आपल्याला नवं नाही. पण ते सालपटापासून आणि फोडापासून वाचण्यासाठी होतं. हातच जाईल ही भीती रोजची नव्हती.

ॲरिस्टॉटलनं हाताला सगळ्या हत्यारांच्या वरचं हत्यार मानलं. आपल्या सांख्यांनी पाच कर्मेंद्रियांत पाणि म्हणजे हात धरला. दोघांच्याही मनातला हात हा हत्याराचा धनी होता. वाफेचं इंजिन आलं आणि हे नातं उलटलं. आता यंत्र स्वतःच्या जोरावर फिरतं आणि हात त्याला घास भरवतो. हात थांबला तरी यंत्र थांबत नाही.

परभणीकडे हे कधी आलं? १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद हा रेल्वेमार्ग झाला. त्या रुळांबरोबर कापसाचा व्यापार वाढला. सेलू, मानवत, परभणी ही कापसाची ठिकाणं झाली. जिनिंग आणि प्रेसिंग आलं. सरकी वेगळी करणाऱ्या रुळांपाशी, फिरत्या पट्ट्यांपाशी माणसाचे हात गेले.

मग कायदा काय करत होता? ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यात धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला, असं सांगितलं होतं. पण तो शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला लागू होता, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्यातून सुटत होता. जिनिंग हा हंगामी धंदा, तेव्हा खानदेशातल्या जिनालासुद्धा पळवाट होती. आपली परभणी तर निजामाच्या राज्यात. तिथं इंग्रजांचा कायदा आपोआप चालत नव्हता.

इथं एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला पाठ असते. ती १८९० साली मान्य झाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो कायमचा अधू झाला त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवार सहा वर्षांत मिळाला. हाताच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. एकोणचाळीस वर्षं!

त्या १९२३ च्या कायद्याचं परिशिष्ट आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२, करंगळी ७. एकलव्याच्या अंगठ्याची किंमत महाभारतानं सांगितली नाही, आधुनिक राज्यानं ती आकड्यात मांडली. कोणी म्हणेल, ही माणुसकीची विटंबना आहे. आम्हाला तसं वाटत नाही. आकडा ठरला म्हणून मजूर मालकापुढे हात पसरण्याऐवजी हक्क मागू शकला. पण हात गेल्यावर किती, हे कायद्यानं नीट मोजलं. हात जाऊच नये म्हणून काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

आता शेतात या. आम्ही लहान असताना खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. बैल दमला की थांबायचा. १९७२ हे दुष्काळाचं साल, आणि त्याच साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं. पुढच्या वर्षांत संकरित बियाणं, वीज, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी हे सगळं गावोगाव आलं. कारखान्याला निरीक्षक असतो, खळ्याला कोण असणार? देशभर मळणी यंत्रांत इतके हात गेले की संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकली आणि जखमीच्या भरपाईचीही सोय केली. यंत्राच्या मानकात एक साधी गोष्ट आली. पेंढी सारायचं तोंड, म्हणजे गाळा, निदान ९० सेंटिमीटर लांब हवा आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला हवा. का? माणसाचा हात तेवढा लांब आत पोचत नाही म्हणून.

बघा, इथं हातमोज्याचा उल्लेखही नाही. तो नाही हेच बरोबर आहे. फिरत्या रुळापाशी हातमोजा घालणं म्हणजे रुळाला धरायला चिंधी देणं. उघडं बोट कदाचित निसटेल; मोज्याचं कापड अडकलं की ते हातालाच आत ओढतं. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, हातातला कडा, सगळ्याला हाच नियम. म्हणजे त्या तरुणाचं कुट्टीबद्दलचं म्हणणं खरं होतं.

मग चेनसॉचं काय? त्याचा इतिहास वेगळा आहे. साखळीच्या करवतीचा एक पूर्वज तर शस्त्रक्रियेचा. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्यानं हाडं कापायला तो केला. झाडासाठी विजेवरचा चेनसॉ स्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली काढला, १९२९ साली पेट्रोलवरचा. सुरुवातीला तो दोघांनी धरावा लागे. १९५० च्या आसपास एकट्यानं उचलण्याजोगा झाला. आपण कौतुकानं म्हणतोच ना, जगात जर्मनी अन् भारतात परभणी! त्या जर्मनीचं यंत्र परभणीच्या बाभळीपर्यंत पोचलं, पण त्याच्याबरोबरचं शहाणपण वाटेत कुठंतरी राहिलं.

ते शहाणपण असं. चेनसॉमध्ये हात घास भरवत नाहीत. दोन्ही हात दोन मुठींवर असतात, साखळी पुढे पळते. तेव्हा ओढलं जाण्याचा धोका इथं मुख्य नाही. धोका आहे झटक्याचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून मागे येतं, आणि पुढच्या मुठीवरचा डावा हात साखळीच्या वाटेत येतो. म्हणून या कामाच्या खास हातमोज्यात डाव्या हाताच्या पाठीवर लांब चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे बाहेर येतात, चाकात गुंततात आणि साखळी अडवतात. जे गुंतणं कुट्टीपाशी हात घेतं, तेच इथं हात वाचवतं. युरोपच्या मानकात हे मोजे सेकंदाला १६, २०, २४, २८ मीटर अशा साखळीच्या वेगांवर तपासतात. म्हणजे ते अभेद्य कवच नाही, मर्यादेतलं रक्षण आहे.

दुसरा धोका कंपनाचा. इटलीत जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ साली आणि अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली दगड फोडणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी, बधिर पडताना पाहिली. पुढे चेनसॉवाल्या जंगल कामगारांतही तेच दिसलं. त्यावर खरा उपाय यंत्रातच झाला, मुठीखाली रबर-स्प्रिंग आली. मोजा त्यात थोडीच मदत करतो.

तेव्हा मित्रहो, त्या तरुणाला आमचं उत्तर असं, आणि ते आम्ही त्याला नंतर सांगितलंही. कुट्टीपाशी मोजा नको. चेनसॉला हवा, पण हाताला घट्ट बसणारा, बोटं वळणारा, त्याच कामाचा. बाजारातला ढगळा सुती मोजा घालून पकड घालवू नकोस. अंगठा मुठीखालून नीट वळव. पुढचा ब्रेक चालतो की नाही ते रोज सकाळी बघ, कारण मोजा शेवटी येतो, ब्रेक आधी.

तो म्हणाला, ''सर, तो मोजा किती रुपयाला पडंल? आन् देणार कोण?''

हा खरा प्रश्न आहे. हात गेल्यावर शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून एका हातासाठी १ लाख मिळू शकतात. दिवसाच्या रोजावर झाड पाडणारा मजूर शेतकरी कुटुंबातला नसेल तर तिथंही बसत नाही. १९८३ च्या कायद्याच्या मजकुरात नाव मळणी यंत्राचं आहे. इतर यंत्रं सरकारनं अधिसूचनेनं जोडायची आहेत. सव्वाशेहून जास्त वर्षं हात यंत्राच्या मागून कायदा धावतो आहे, आणि प्रत्येक वेळी जे शेवटचं यंत्र आलं त्याचा माणूस बाहेर राहिला आहे.

आम्ही एवढंच केलं. बाभळीच्या मजुरीत मोज्याचे पैसे घातले. झाड ज्याचं, मोजा त्याचा. आपल्यापैकी ज्यांच्या दारात झाड पाडायचं असेल, त्यांनी भाव करताना हे एक कलम जोडावं, ही विनंती. कायदा येईल तेव्हा येईल.