इंधनघटाचीं पथ्यें

विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन व प्राणवायु निराळे करण्याचा प्रयोग आपण शाळेंत पाहिला असेल. विल्यम ग्रोव्ह यांनीं १८४२ सालीं तो उलट फिरविला. प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर या वायूंचा संयोग घडवून वीज मिळविली. हाच आजचा इंधनघट.

१९६५ सालीं जेमिनी-५ या अमेरिकन अंतराळयानांत असे घट होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळांत प्राणवायूचा दाब घसरला व मोहीम सोडावी लागेल असें दिसूं लागलें. परंतु घट निर्दोष होते. बिघडला होता तो टाकींतील तापक. वीज काटकसरीनें वापरून यान जवळजवळ आठ दिवस फिरलें.

२०१४ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या टोयोटा मिराई मोटारीसही हाच धडा लागू आहे. शक्ति उणी पडली कीं घटास दोष देण्यापूर्वीं त्यास काय मिळतें तें पाहावें. हवेची गाळणी तुंबली तर प्राणवायु अपुरा पडतो. हायड्रोजनमधील कार्बन मोनॉक्साइडचा अंशही प्लॅटिनमला चिकटून बसतो. घटाचा पडदा वाळला तरी वीज मंदावते, आंत पाणी सांचलें तरी मंदावते. थंडाव्याच्या द्रवांत नळाचें पाणी घालूं नये. क्षारांमुळें त्यांतून वीज झिरपते. टाकींत मात्र वातावरणाच्या सुमारें ७०० पट दाब असतो; तिला तज्ज्ञानेंच हात लावावा.

मूल मागें पडलें कीं आम्ही मास्तर त्याच्या बुद्धीस बोल लावीत असूं. तें उपाशी आलें आहे काय, हें विचारावयास मी फार उशिरां शिकलों.