खेळाडू आणि प्रेक्षक : मुंबईच्या चौरंगी सामन्यांचा धडा



आमच्या तळवड्याच्या परिसरांत आज कारखाने व कचेऱ्या दाटीनें उभ्या आहेत. क्रिकेटचा मोठा सामना असला, म्हणजे चहाच्या दुकानांतील दूरचित्रवाणीपुढें माणसें खोळंबतात. आपला संघ हरला, कीं कित्येकांना रात्रीं जेवण गोड लागत नाहीं. पण हरलेला खेळाडू त्याच वेळीं प्रतिस्पर्ध्याशीं हसून बोलतांना दिसतो, आणि प्रेक्षकांस राग येतो. याला पराभवाचें दुःखच नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर मुंबईच्या जुन्या सामन्यांच्या इतिहासांत सांपडतें.

हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन अशा जमातवार संघांचे चौरंगी सामने १९१२ सालीं सुरू झाले. १९३७ पासून ख्रिस्ती वगैरेंचा ‘इतर’ हा संघ येऊन ते पंचरंगी झाले. मैदानावर प्रत्येक बाजूचे गडी अकराच. पण सभोंवतालच्या हजारों प्रेक्षकांना तेथें आपल्या समाजाची अब्रू पणास लागलेली दिसे.

खेळाडूचें दुखणें निराळें होतें. पालवणकर बाळू हे चांभार समाजांतले फिरकी गोलंदाज. क्रिकेट हें त्यांच्या वाट्यास प्रथम चाकरी म्हणूनच आलें. पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबांत पगारावर मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना गोलंदाजी करीत ते तयार झाले. हिंदु संघांत त्यांचा चेंडू सर्वांना चाले. पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले. तरीहि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांना लाभलें नाहीं. १९२० सालीं या अन्यायाच्या निषेधार्थ त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम संघांतून बाहेर पडले, आणि बाळूंना उपकप्तान नेमल्यावरच ते परतले.

१९२३ सालीं विठ्ठल कप्तान झाले व हिंदु संघानें युरोपियनांवर विजय मिळविला. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या प्रेक्षकांनीं त्यांना खांद्यावर उचलून घेतलें. तो आनंद खरा होता, पण एका संध्याकाळचा होता. पालवणकर बंधूंनीं त्या क्षणाची वाट कित्येक वर्षें पाहिली होती. प्रेक्षकाला विजय मिळाला. खेळाडूला उशिरां कां होईना, न्याय मिळाला.

१९४० सालीं महात्मा गांधींनीं जमातवार सामन्यांविरुद्ध मत दिलें. तरी सामने चालूच राहिले. १९४३ च्या अंतिम सामन्यांत हिंदु संघाच्या विजय मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा केल्या. ‘इतर’ संघाकडून सांगलीच्या विजय हजारे यांनीं दुसऱ्या डावांतील ३८७ पैकीं ३०९ धांवा एकट्यानें काढल्या. भाऊ विवेक यांच्यासह त्यांनीं तीनशें धांवांची भागी केली. तींत विवेक यांच्या अवघ्या २१. एवढें करूनहि त्यांचा संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला. पण १९४६ सालीं हेच मर्चंट व हजारे इंग्लंडमध्यें हिंदुस्थानच्या एकाच संघांतून खेळले. त्याच सालीं पंचरंगी सामनेहि कायमचे बंद झाले.

प्रेक्षकाच्या हातीं बॅट नसते, चेंडूहि नसतो. म्हणून जय-पराजयाचें सारें ओझें तो मनावर घेतो. खेळाडूला उद्यां पुन्हां मैदानावर उभें राहावयाचें असतें. म्हणून तो पराभव उराशीं धरून बसत नाहीं. त्याचें सुखदुःख एका सामन्याचें नसून उभ्या आयुष्याचें असतें. आपण टाळ्या अवश्य वाजवाव्या. परंतु सामना संपल्यावर त्या खेळाडूच्या वाट्यास काय येतें, याचीहि एकदां चौकशी करावी.