सह्याद्रीचा शिसव आणि गिटारची मान

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. महिन्याभरात तिची मान किंचित वाकली. तारा पडद्यांपासून इतक्या वर उचलल्या गेल्या, की त्या दाबताना बोटे दुखू लागली. गिटार दाखवायची तर पुणे किंवा नाशिक गाठावे लागले असते. त्याआधी विचारून पाहू म्हणून ती राहात्यातल्याच एका वयस्कर सुतारमिस्त्रींकडे नेली. त्यांनी मानेवरची काळपट पट्टी टोकाशी पॉलिशपेपरने हलकीच घासली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "सर, हे शिसवी लाकूड हाये. माझ्या आजोबाचा रंधा याचाच होता."

परदेशी बनावटीच्या वाद्याच्या गळ्यात आपल्याकडचे लाकूड पाहून मला कुतूहल वाटले. हे लाकूड तिथे पोहोचले कसे? आणि गिटारवाले ज्या 'लाकडाच्या आवाजा'बद्दल इतके बोलतात, त्यासाठीच ते तिथे गेले का? या दोन प्रश्नांमागे वर्षभर फिरून जे हाती लागले, ते इथे मांडतो आहे.

आधी नावाचा घोळ सोडवायला हवा. आपला शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. उत्तरेकडचा शिसम त्याचा भाऊबंद, डाल्बर्जिया सिस्सू. बाजारात दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण झाडे वेगळी आहेत. इंग्रजी व्यापाऱ्यांनी शिसवाला रंगावरून 'ब्लॅकवुड' म्हटले. ताज्या कापाला येणाऱ्या गोडसर वासामुळे त्याच्या जातभाईंना 'रोजवुड' हे नाव मिळाले होते, तेही पुढे याला चिकटले. वाड्याच्या चौकटीतला शिसव आणि गिटारच्या कॅटलॉगमधले 'इंडियन रोजवुड' ही एकाच झाडाची दोन नावे आहेत, हे त्यामुळे आपल्या ध्यानात येत नाही.

चांगल्या लाकडावर राज्यकर्त्यांची नजर आपल्याकडे जुनीच आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग कसा आणि कोणाच्या परवानगीने तोडावा, रयतेच्या आंबा-फणसाला हात का लावू नये, हे सांगितले आहे. कंपनी सरकारने १८४७ साली मुंबई इलाख्यात वनसंरक्षक नेमला. तो होता दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन. पुढे इलाख्यात साग, शिसव आणि चंदन या झाडांवर सरकारने आपला हक्क राखला. गिटार वाजवणाऱ्यांना गिब्सन हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. त्या अमेरिकी कंपनीशी या डॉक्टरांचा काही संबंध नाही. पण शिसवाच्या कथेत दोन गिब्सन येतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी.

त्याच शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटच्या परिसरात शिसवी फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. नक्षीने गच्च भरलेल्या खुर्च्या, कोच आणि टेबले युरोपीय आणि पारशी घरांत गेली, परदेशी प्रदर्शनांतही मांडली गेली. म्हणजे शिसव जगाच्या बाजारात प्रथम पोहोचला तो डोळ्यांना आवडणारे लाकूड म्हणून. त्याचा आवाज तेव्हा कोणी विचारला नव्हता.

आता इलेक्ट्रिक गिटारकडे वळू. या वाद्याचा आवाज निघतो कसा, हे समजल्याशिवाय लाकडाचे महत्त्व ठरवता येत नाही. मिरजेची सतार डोळ्यांसमोर आणावी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्या सतारीत तारेचे कंपन घोडीवरून पातळ तबलीत उतरते, तबली हवा हलवते, भोपळा त्याला साथ देतो. तिथे लाकूडच हवेला आवाज देते. तबली जाड राहिली किंवा तुणाचे लाकूड ओले राहिले, तर वाद्य मुके होते.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. ती वीज अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. हे यंत्र हवेतला आवाज ऐकतच नाही, फक्त तारेची हालचाल टिपते. १९३२ साली बाजारात आलेल्या रिकनबॅकरच्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारचे अंग तर अ‍ॅल्युमिनियमचे होते. 'तळणीचा तवा' असे तिचे टोपणनाव पडले. तिची अडचण आवाजाची नव्हती. दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर सरकत.

१९४० च्या सुमारास वादक लेस पॉल यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली. ते सांगत, की नुसता ओंडका घेऊन वाजवले तेव्हा लोकांनी दाद दिली नाही. मग त्यांनी एका साध्या गिटारचे अंग मधोमध कापून ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे जोडले, आणि त्याच वाद्याला श्रोते खूश झाले. आवाज तोच होता, बदलले ते रूप. ही गोष्ट इलेक्ट्रिक गिटारच्या पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडते.

१९५० नंतर लिओ फेंडर यांनी टेलिकास्टर आणली. अ‍ॅश लाकडाचे सपाट अंग, मेपलची एकसंध मान. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली, तीही अ‍ॅशची. १९५६ पासून तिच्या बहुतेक रंगांसाठी अ‍ॅल्डर वापरू लागले. अ‍ॅशचे रंध्र मोठे, ते लुकणाने भरल्याशिवाय रंग नीट बसत नाही. अ‍ॅल्डरला तो त्रास नाही. फिकट, आरपार दिसणाऱ्या रंगाच्या गिटारींना मात्र अ‍ॅशच राहिले, कारण त्यात रेषा दिसाव्या लागत. आज वादक 'अ‍ॅशचा आवाज' आणि 'अ‍ॅल्डरचा आवाज' यांवर तासन्‌तास बोलतात. तो फरक निदान सुरुवातीला तरी रंगकामाच्या सोयीतून जन्मला.

मानेचीही तीच कथा. मेपल फिकट असते. वाजवून वाजवून वरचे पॉलिश उडाले की घामाने त्यावर काळे डाग पडतात. त्या मळकट रूपावर उपाय म्हणून १९५८-५९ पासून फेंडर यांनी मानेवर गडद रोजवुडची पट्टी बसवली, असे सांगतात. गिब्सन कंपनीने १९५२ च्या लेस पॉल गिटारमध्ये महोगनीच्या अंगावर मेपलचे कवच चढवले आणि ते सोनेरी रंगाखाली झाकले. १९५८ साली रंग पारदर्शक केला आणि मेपलच्या लाटा दिसू लागल्या. दोनच वर्षांत, खप कमी म्हणून, त्या बंद झाल्या. आज त्याच गिटारी लाखो डॉलरना विकल्या जातात.

तोवर रोजवुड म्हणजे ब्राझीलचे. साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली. मार्टिनसारख्या नामांकित कंपनीने १९६९ साली आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसव स्वीकारला. इलेक्ट्रिक गिटारवालेही तिकडेच वळले. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रोजवुडचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळजवळ बंद झाला आणि शिसव हीच जगाची नेहमीची पट्टी होऊन बसली. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे: शिसव तिथे पोहोचला तो आवाजाची परीक्षा पास होऊन नव्हे. दुसरे झाड संपत आले, आणि हे दिसायला त्याच्यासारखे होते.

मग लाकडाचा आवाजावर काहीच परिणाम नाही का? आहे, पण लोक समजतात तिथे नाही. १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये हेल्मुट फ्लायशर यांनी इलेक्ट्रिक गिटारची कंपने मोजली. अंग जड आणि ताठ, ते फारसे हलत नाही; मान बारीक आणि लांब, ती हलते. मानेच्या एखाद्या जागी तिचे स्वतःचे कंपन वाजवलेल्या सुराशी जुळले, तर ती तारेची ऊर्जा शोषून घेते आणि तो सूर लवकर विझतो. म्हणजे प्रश्न मान किती ताठ आणि जड आहे याचा. एकाच जातीच्या दोन फळ्यांतही तो फरक पडतो.

पोकळ, साध्या गिटारवर तर लाकडाचा प्रभाव जास्त असायला हवा. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या, सगळ्या सारख्या, फक्त पाठीचे आणि कडांचे लाकूड वेगळे. त्यात भारतीय रोजवुड होते, महागडे ब्राझिलियनही होते. ५२ वादकांनी त्या लाकूड दिसणार नाही अशा रीतीने वाजवल्या. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वादकांच्या पसंतीत लाकडानुसार म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

हा वाद निव्वळ हौशी लोकांचा असता तर मी इथेच थांबलो असतो. पण शिसव सावकाश वाढतो, आणि आंतरराष्ट्रीय यादीत तो 'असुरक्षित' ठरला आहे. २०११ साली अमेरिकी सरकारने गिब्सन कंपनीवर छापा घातला. जप्त मालात भारतातून गेलेल्या शिसवी पट्ट्या होत्या. भारतीय कायद्याप्रमाणे अर्धवट घडवलेल्या अशा पट्ट्या निर्यात करता येतात की नाही, हा वाद होता. २०१२ च्या तडजोडीत कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला, तो मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणात. भारतीय लाकडाबाबत कायदाच संदिग्ध ठरल्याने ते परत मिळाले. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या बाकीच्या सगळ्या जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. फेंडरने अनेक गिटारींवर शिसवाऐवजी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकी लाकूड बसवले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली आणि बऱ्याच गिटारींवर शिसव परतला. मधल्या काळात पाउ फेरोच्या गिटारींवर लोकांनी नाके मुरडली, ती बहुतांशी पट्टीचा रंग फिका म्हणून.

इथे मला खटकते ते हे. आवाजासाठी लागते म्हटले की झाड तोडणे कलेची गरज वाटू लागते. रंगासाठी लागते असे सरळ म्हटले, तर निदान दुसरा विचार करता येतो. रंग दुसऱ्या लाकडालाही देता येतो. मिरजेच्या कारागिराला तुणाचे लाकूड हवे असते तेव्हा त्याची गरज कानाची असते. इलेक्ट्रिक गिटारच्या पट्टीची गरज बहुतेक वेळा डोळ्याची आणि सवयीची असते. दोन्हींना एकच शब्द लावणे मला योग्य वाटत नाही.

पुतण्याच्या गिटारचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मिस्त्रींना लाकडाला हातच लावावा लागला नाही. मानेच्या पोटात पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीनेच १९२३ साली तिचे पेटंट घेतले होते. टोकाची चकती काढून सळईचा नट चावीने थोडा पिळला, तशी मान सरळ झाली. मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर न लावताच एक तार छेडली, मान मुठीत धरून थोडा वेळ तशीच ठेवली आणि म्हणाले, "हाताला लागतंय बघा." मीही धरून पाहिली. तारेची थरथर लाकडातून तळव्यात उतरत होती. श्रोत्याला ती कधीच पोहोचणार नव्हती. वाजवणाऱ्याला मात्र तीच मिळते, आणि लाकडावरचा त्याचा विश्वास बहुधा तिथूनच येतो.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. आजोबांचा रंधा कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा फळीवरून काढून दाखवला. तळ झिजला होता, पण कुठे चीर नव्हती. तो शंभर वर्षे तरी टिकेल, असे ते म्हणाले.