रेडिओच्या पोटातील एक आकडा

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर लघुलहरी ऐकलेल्या श्रोत्यांना एक चमत्कार परिचयाचा असेल. सिलोन किंवा लंडन केंद्र तबकडीवर आपल्या जागी लागतेच. पण काटा थोडा खाली सरकविला, की तेच केंद्र, तोच आवाज, किंचित क्षीण होऊन पुन्हा ऐकू येतो. एका केंद्राला ही दोन घरे कशी? याचे मूळ रेडिओच्या पोटातील एका आकड्यात आहे. तो आकडा म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ. त्या काळच्या भाषेत किलोसायकल. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

पेटीच्या दोन जवळजवळ सारख्या सुरांच्या पट्ट्या एकदम दाबल्या, तर दोन्ही सुरांखेरीज एक संथ आंदोलन कानाला जाणवते. त्याचा वेग दोन सुरांच्या कंपनसंख्यांतील फरकाइतका असतो. हेच तत्त्व विद्युल्लहरींना लावण्याची कल्पना कॅनडात जन्मलेल्या रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९०१ च्या सुमारास मांडली. ‘अन्य’ आणि ‘शक्ती’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी तिला ‘हेटरोडाइन’ हे नाव दिले.

तिचे खरे मोल पहिल्या महायुद्धात कळले. त्या वेळचे व्हॉल्व्ह मंद कंपनांचा जोर वाढवीत. परंतु कंपने प्रतिसेकंद काही लाखांच्या पलीकडे गेली, की ते दुबळे पडत. १९१८ मध्ये पॅरिस येथे अमेरिकन सैन्याच्या संदेशवहन दलात असलेले कॅप्टन एडविन आर्मस्ट्राँग यांनी यावर तोड काढली. व्हॉल्व्हला वर चढता येत नसेल, तर लहरीलाच खाली आणावे! येणाऱ्या लहरीत रेडिओतच उत्पन्न केलेली दुसरी लहर मिसळावयाची आणि दोहोंच्या फरकाची जी लहर निघेल तिचा जोर वाढवावयाचा. आकाशातील लहरीची कंपनसंख्या मोठी, कानास ऐकू येणाऱ्या आवाजाची लहान. या दोहोंच्या मधली म्हणून ही ‘मधली कंपनसंख्या’. केंद्र कोणतेही लावा, ती बदलत नाही. म्हणून पुढील सर्व भाग एकाच संख्येसाठी जुळवून ठेवता येतात. या रचनेला ‘सुपरहेटरोडाइन’ हे नाव पडले.

श्रेय मात्र एकट्याचे नव्हते. फ्रान्समध्ये ल्युसिएँ लेव्ही यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये, तर जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनी जून १९१८ मध्ये अशाच कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केले होते. आर्मस्ट्राँग यांचा फ्रान्समधील अर्ज ३० डिसेंबर १९१८ चा. पुढे वाद न्यायालयात गेला आणि १९२८ मध्ये अमेरिकेतील बहुतेक हक्क लेव्ही यांच्या पदरात पडले. कागदावर एक जिंकला, लोकांच्या स्मरणात दुसरा राहिला. परंतु ही कल्पना प्रत्यक्ष चालणाऱ्या यंत्रात उतरविण्याचे आर्मस्ट्राँग यांचे श्रम कोणत्याही निकालाने पुसले जात नाहीत.

त्या यंत्राची कसोटी डिसेंबर १९२१ मध्ये लागली. स्कॉटलंडच्या आर्ड्रोसन गावी, समुद्राजवळच्या एका तंबूत पॉल गॉडली हे अमेरिकन गृहस्थ सुपरहेटरोडाइन ग्राहक घेऊन बसले आणि अटलांटिकपलीकडील हौशी प्रेषकांचे संदेश त्यांनी टिपले. कनेटिकटमधील ज्या केंद्राचा संपूर्ण संदेश त्यांना मिळाला, ते चालविणाऱ्या मित्रमंडळींत स्वतः आर्मस्ट्राँगही होते. सुमारे २३० मीटरची ती लहर त्या काळी आखूडच समजली जाई.

आता प्रश्न उरला, मधला आकडा कोणता घ्यावा? आकडा लहान घेतला, तर शेजारशेजारची केंद्रे स्वच्छ वेगळी होतात आणि जोरही चांगला वाढतो. म्हणून आरंभीच्या संचांत तो पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास असे. पण त्यात एक मेख आहे. रेडिओतील लहरीपेक्षा ५० ने खालचे केंद्र जसा ५० चा फरक देते, तसाच ५० ने वरचेही देते. यंत्राला फरक तेवढा कळतो. तो वरचा की खालचा, हे कळत नाही. खऱ्या केंद्रापासून मधल्या आकड्याच्या दुप्पट अंतरावर उभी असलेली ही ‘प्रतिमा’ दारातच अडवावी लागते, आणि अंतर जितके कमी तितके ते कठीण.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत १७५ हा आकडा आला. मध्यम लहरींना तो पुरला. परंतु एकाच संचावर लघुलहरीही हव्यात अशी मागणी वाढताच तो अपुरा पडला. तेव्हा मध्यम लहरींच्या पट्ट्याच्या किंचित खाली, ४५५ ते ४७० च्या दरम्यान, बहुतेक कारखाने स्थिरावले. तेथून प्रतिमा ९०० किलोहर्ट्झपेक्षाही दूर जाते. मध्यम लहरींवर तेवढे अंतर भरपूर. पण १५,००० किलोहर्ट्झवर ९१० चा फरक साध्या संचाच्या प्रवेशमंडलाला फारसा जाणवत नाही. म्हणून तेथील केंद्र तबकडीवर १४,०९० पाशीही बोलते. आरंभी सांगितलेले दुसरे घर ते हेच.

यावर उपाय दोन झाले. एक, दारावर पहारे वाढविणे. १९३५ च्या सुमारास निघालेल्या नॅशनल कंपनीच्या ‘एचआरओ’ संचात लहरींचे मिश्रण होण्यापूर्वीच विवर्धनाचे दोन टप्पे होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश टिपण्यासाठी ब्रिटिशांनी हे संच वापरले. दुसरा उपाय, मधले आकडे एकाहून अधिक ठेवणे. दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॉडली यांच्या योजनेवर आधारलेला रॅकल कंपनीचा ‘आरए-१७’ हा संच १९५० नंतरच्या दशकात आला. त्यात पहिला आकडा तब्बल ४० मेगाहर्ट्झ, त्यानंतरचा २ ते ३ मेगाहर्ट्झ आणि शेवटचा अवघा १०० किलोहर्ट्झ. पहिल्याने प्रतिमा हद्दपार केली, शेवटच्याने शेजारी वेगळे केले.

घरगुती संचाला एवढा खर्च परवडणारा नव्हता. म्हणून ४५५ टिकला. स्वच्छता, पल्ला आणि किंमत या तिघांचे भांडण मिटविणारा तो तडजोडीचा आकडा. कोणाच्या माळ्यावर जुना संच अद्याप चालत असेल, तर जाणकाराकडून तपासून घेऊन त्यांनी तो लावावा, आणि एखाद्या जोरदार केंद्राखाली ९१० किलोहर्ट्झवर काटा नेऊन पाहावा. तेथे उमटणारा क्षीण आवाज म्हणजे यंत्राचा बिघाड समजू नये. तडजोडीत जे सोडून द्यावे लागले, त्याची ती खूण आहे.