आरोपीचा बचाव (तालुका न्यायालयातील)

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढील फौजदारी खटल्यात आरोपीने करावयाचा प्रतिवाद. हे न्यायालय कमाल ३ वर्षांची कैद देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून येथील कामकाज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चालते. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला हजर करावे लागते. दोषारोपपत्राच्या प्रती त्याला विनामूल्य मिळतात.

बचावाचा खरा कस उलटतपासणीत लागतो. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असल्याने आरोपीला सहसा निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. वाजवी संशय निर्माण झाला तरी पुरते. म्हणून जाणता वकील पंचनाम्याची वेळ, फिर्याद देण्यातील विलंब, पंच आणि फिर्यादीचे नाते यांवर बारकाईने प्रश्न विचारतो. पुराव्यानंतर न्यायालय आरोपीचा जबाब शपथेविना नोंदवते.

वकिलाविना हे हक्क कागदावरच राहतात. मोफत वकील मिळतो, हे पहिल्याच हजेरीत आरोपीला सांगणे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्यात (२०१२) स्पष्ट केले. महिला व कोठडीतील व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो.